सुवर्णपदकवाल्याने दुसऱ्याचा डुप्लिकेट व्हावं का?

निशिगंधा_ठाणे

रविवारी दुपारी टीव्हीवर १९९५ चा 'बॅटमन फॉरएव्हर' लागला होता. भाचा बघत होता, मी समोर बसून मेथी निवडत होते. रॉबिनने उडी मारली की भाच्याच्या टाळ्या. "मावशी, हा हिरो काय भारी उडतो!" म्हटलं बघू तरी कोण आहे हा, म्हणून फोनवर शोधलं, तर उडणारा हिरो नव्हताच. रॉबिन झालाय ख्रिस ओडॉनेल, पण कसरतींच्या जागी त्याचा डुप्लिकेट होता मिच गेलॉर्ड.

आणि हा गेलॉर्ड कोण? १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन पुरुष जिम्नॅस्टिक्स संघातला. शिवाय त्याच स्पर्धेत व्हॉल्टवर रौप्य, रिंग्ज आणि पॅरलल बारवर कांस्य. ऑलिंपिकमध्ये पैकीच्या पैकी १० गुण मिळवणारा पहिला अमेरिकन जिम्नॅस्ट. हाय बारवरच्या, म्हणजे उंच आडव्या दांडीवरच्या, एका उडीला त्याचं नाव आहे. १९८६ मध्ये त्याला हिरो करून 'अमेरिकन अँथम' नावाचा सिनेमाही निघाला, तो सपशेल आपटला. आणि नऊ वर्षांनी हा माणूस दुसऱ्याच्या मुखवट्याखाली.

खरं सांगू, वाचून कसंसंच झालं. ज्याच्या नावाने उडी ओळखतात त्याने अशी उडी मारायची की नाव दुसऱ्याचं व्हावं. तुम्हाला काय वाटतं? ही घसरण म्हणायची, की नुसतं दुसरं काम? (विचारायला एक घरगुती कारणही आहे. ते नंतर सांगते.)

पानसुपारी

पयला नंबर. चहा टाकलाय, येऊ द्या.

खवचट_खान

घसरण कसली? आपल्याकडे ऑलिंपिकवाल्याला काय मिळतं ते आठवा. खाशाबा जाधव, हेलसिंकी १९५२, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. १९५५ मध्ये पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले आणि कित्येक वर्षं बढतीसुद्धा नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आणि योगायोग बघा, कराडजवळ अपघातात गेले ते १४ ऑगस्ट १९८४ ला. या तुमच्या गेलॉर्डच्या ऑलिंपिकचा समारोप होऊन दोन दिवस झाले होते.

त्या मानाने बॅटमनच्या सेटवर उड्या मारणं म्हणजे चैन आहे हो.

मीठभाकर

खवचट_खान, +१. पण तुलना थोडी गंडलीय. खाशाबांवर सरकारने अन्याय केला. गेलॉर्डवर कोणी केला? त्याने स्वतः काम घेतलं, पैसे घेतले.

एलएकर

धागा बघून राहवलं नाही, बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं. पासवर्ड आठवायलाच अर्धा तास गेला.

१९८४ मध्ये मी यूसीएलएत, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत, एमएस करत होतो. जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धा आमच्याच कॅम्पसवर पॉली पॅव्हेलियनमध्ये झाल्या. एरवी तिथे बास्केटबॉल चालायचा. संघातले गेलॉर्ड, पीटर विडमार आणि टिम डॅगेट तिघंही यूसीएलएचे. म्हणजे पोरं आपल्याच कॉलेजच्या हॉलमध्ये ऑलिंपिक खेळली. खेळाडूंचं एक गावही आमच्या वसतिगृहांत वसवलं होतं, त्यामुळे आम्हाला त्या उन्हाळ्यात बाहेर काढलेलं. तिघांत एक खोली, खाली गादी टाकून झोपायचो. तिकीट परवडण्याचा प्रश्नच नव्हता. पॅव्हेलियनपासून पंधरा मिनिटांवर राहून आम्ही मॅच टीव्हीवर बघितली. टीव्हीही शेजारच्या तेलुगू पोराचा.

३१ जुलैची रात्र. अमेरिका ५९१.४०, चीन ५९०.८०. सहा दशांशांचा फरक. शेवटचं उपकरण हाय बार. डॅगेटने उतरताना पाय जमिनीला चिकटवले ते हललेच नाहीत. १० गुण. आमच्या खोलीतला तेलुगू पोरगा, ज्याला जिम्नॅस्टिक्समधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, तो माझ्या गळ्यात पडून ओरडत होता.

गेलॉर्डची ती उडी मी तेव्हाच पाहिली. बारवर झोका घ्यायचा, हात सोडायचे, बारच्या वरून पुढे दीड कोलांटी, आणि पलीकडे पोचल्यावर तोच बार पुन्हा पकडायचा. खाली पावणेतीन मीटर. हात सुटल्यापासून पकडेपर्यंत खोलीत कोणी श्वास घेतला नाही.

खवचट_खान

एलएकर काका, सुंदर लिहिलंत. पण १९८४ ला रशियाने बहिष्कार घातला होता, हे सांगायचं राहिलं. वर्गातला हुशार मुलगा गैरहजर असताना आलेला पहिला नंबर. :)

एलएकर

ही टीका चाळीस वर्षं ऐकतोय. मान्य, सोव्हिएत संघ असता तर निकाल काय लागला असता कोणी सांगावं. पण चीन होता ना? आदल्याच वर्षी, १९८३ मध्ये, बुडापेस्टला सोव्हिएत संघाला हरवून जगज्जेता झालेला हाच चीन. लि निंगने त्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने सहा पदकं नेली, त्यात तीन सुवर्ण. त्यांना हरवलंय. फुकटात काही मिळालेलं नाही.

चिंगी

बहिष्काराचा विषय निघालाय तर कर्ट थॉमसला विसरू नका. उलटा किस्सा. १९७८ मध्ये फ्लोअरवर जगज्जेता, १९७९ च्या जागतिक स्पर्धेत सहा पदकं. पॉमेल हॉर्सवर (दोन मुठी असलेल्या घोड्यावर) पाय फाकवून चक्राकार फिरवतात ना, ते 'थॉमस फ्लेअर' याचंच. ब्रेकडान्सवाली पोरं आजही ते करतात, नाव माहीत नसतं इतकंच. १९८० ला मॉस्को ऑलिंपिक, फॉर्म शिखरावर, आणि अमेरिकेनेच बहिष्कार घातला. संपलं. मग १९८५ मध्ये त्याचाही सिनेमा निघाला, 'जिमकाटा'. जिम्नॅस्टिक्स अधिक कराटे. गावाच्या मधोमध चौकात एक दगडी पॉमेल हॉर्स असतो आणि हिरो त्यावर फिरत फिरत गुंडांना लाथा घालतो. गुंडही एकेक करून शिस्तीत लाथेच्या टप्प्यात येतात. मी तीनदा पाहिलाय, वाईट मूड असला की लावते.

थॉमस २०२० मध्ये गेला, ६४ व्या वर्षी.

आणि निशिगंधाताई, तुमच्या सिनेमातली एक गंमत. गेलॉर्ड त्यात स्वतःच्या चेहऱ्यानेही आहे! रॉबिनचं कुटुंब सर्कशीत झुल्यावर काम करणारं असतं ना, त्यातला रॉबिनचा मोठा भाऊ म्हणजे गेलॉर्ड. तो पूर्वार्धातच मरतो.

खवचट_खान

म्हणजे मेल्यावर धाकट्या भावाच्या अंगात आला.

पानसुपारी

खवचट_खान, चहा नाकातून आला. दंडवत.

दोरीवाला_दादर

मी मल्लखांब शिकवतो, तीसेक वर्षं झाली. जिम्नॅस्टिक्सवर अधिकाराने बोलणार नाही, पण हात सोडून पुन्हा पकडण्याबद्दल बोलू शकतो.

टांगत्या मल्लखांबावर पोरगा पहिल्यांदा हात सोडतो तेव्हा त्याचा चेहरा बघा. घाबरलेला नसतो, हिशोब करत असतो. मल्लखांबाला एरंडेल लावलेलं, अंगाला राळ, आणि डोक्यात एकच गणित, लाकूड परत हाताखाली कधी येणार. हे गणित हजार वेळा केल्यावर अंगात भिनतं. गेलॉर्डचं तेच झालं असणार. उडी बारवर मारली काय, झुल्यावर मारली काय, कॅमेऱ्यासमोर मारली काय. प्रेक्षक बदलले, गणित तेच.

त्यामुळे मला यात घसरण अजिबात दिसत नाही.

जुना_फायटर

दोरीवाला सर, तुमच्याबद्दल आदर आहे. माझा पुतण्या तुमच्यासारख्याच एका सरांकडे तयार झाला. पण "गणित तेच" हे मात्र साफ चूक.

मी गोरेगावला सत्तावीस वर्षं फायटर म्हणून काम केलं. तेव्हा आम्हाला स्टंटमॅन वगैरे कोणी म्हणत नसे, फायटर. मास्टरच्या हाताखाली जिम्नॅस्टिकवाली बरीच पोरं यायची. पहिल्या दिवशी सगळे खूष, काय उडतो पोरगा! दुसऱ्या दिवशी मास्टर डोकं धरून बसायचे.

कारण सांगतो. पोरगा गुंड आहे, हिरोची लाथ बसलीये, टेबलावरून मागे पडायचंय. पोरगा काय करतो? हवेत पायाचे अंगठे ताणून, गुडघे जोडून, सुरेख मागची कोलांटी घेतो आणि दोन्ही पाय जोडून उभा! वर छाती पुढे. फक्त हात वर करायचे बाकी. मास्टर ओरडायचे, "अरे, तुला लाथ बसलीये की सत्कार झालाय?"

दहा वर्षं त्यांना शिकवलेलं असतं की वेडंवाकडं दिसलं तर गुण कापतात. आणि आमच्याकडे वेडंवाकडं दिसलं नाही तर शॉट कापतात.

दुसरी गोष्ट उतरण्याची. जिम्नॅस्ट पायांवर उतरतो. उंचावरून पडायचा शॉट असतो तेव्हा पाठीवर उतरायचं असतं, एअरबॅगवर किंवा खोक्यांवर. आमच्या काळात बॅग कुठली, पुठ्ठ्याचे रिकामे खोके रचायचे, वर गाद्या. खोका दबतो, त्यातली हवा निघते, झटका तो खातो. पण पायांवर उतरलात तर पाय खोक्यांच्या फटीत जातो आणि घोटा गेला. अंगात भिनलेली सवय म्हणते पाय खाली कर. ती सवय मोडायलाच सहा महिने जातात. एका चांगल्या पोराचा घोटा मी माझ्या डोळ्यांदेखत असा गेलेला पाहिलाय, पहिल्याच आठवड्यात.

तिसरं, रीटेक. ऑलिंपिकमध्ये उडी एकदाच. आमच्याकडे उडी झकास झाली की कॅमेरामन म्हणतो फोकस हुकला. मग परत. मग हिरोईनची सावली आली. परत. संध्याकाळी पाच वाजता, पोटात वडापाव, ती अकरावी उडी पहिल्यासारखी मारायची.

तेव्हा निशिगंधाताई, घसरण नाही. पण "दुसरं काम" आहे, आणि ते नव्याने शिकावं लागतं. सोन्याचं पदक दाखवून गादी मऊ होत नाही.

दोरीवाला_दादर

फायटर साहेब, शब्द मागे घेतो. अंगठ्यांचं अगदी खरं. माझी पोरं लग्नात वरातीत नाचतानासुद्धा अंगठे ताणतात.

मीठभाकर

जुना_फायटर यांच्या प्रतिसादाचा वेगळा लेख व्हायला हवा. वाचनखुणेत टाकलाय.

चिंगी

जुना_फायटर काकांच्या मुद्द्याला जोड. आजच्या सगळ्यात नावाजलेल्या स्टंटबाईंपैकी एक, हायडी मनीमेकर. (हो, खरंच हेच आडनाव आहे.) मार्व्हलच्या सिनेमांत ब्लॅक विडो झालेल्या स्कार्लेट जोहान्सनची डबल, म्हणजे डुप्लिकेट, २०१० पासून. ही पण यूसीएलएचीच जिम्नॅस्ट, पण ऑलिंपिकला कधी गेली नाही. आणि गेलॉर्ड सुवर्णपदक घेऊन गेला, तर स्टंटच्या धंद्यात त्याचं नाव या एका सिनेमापुरतंच निघतं. मला वाटतं पदकाचा तोटाच होत असेल. पदकवाल्याला लोक आधी हिरो करायला बघतात, मग ते फसलं की दुसरीकडे वळतात. मनीमेकर थेट कामाला लागली.

सोल १९८८ च्या अमेरिकन संघातली ब्रँडी जॉन्सन पण पुढे स्टंटकामात गेली. त्या संघाची गोष्ट ऐकली आहे का? कांस्यपदक हुकलं ०.३ गुणांनी. आणि दंड झाला होता ०.५ चा. कशाचा, तर एक मुलगी अनइव्हन बारवर (खालीवर असलेल्या दोन दांड्यांवर) चढली, राखीव खेळाडूने उडीची फळी ओढून बाजूला केली आणि खाली उतरण्याऐवजी मंचावरच उकिडवी बसून बघत राहिली. नियमाप्रमाणे तिने तिथे थांबायचं नव्हतं. पूर्व जर्मनीच्या अधिकारी बाईंनी बोट ठेवलं, अर्धा गुण गेला, आणि कांस्य कोणाला? पूर्व जर्मनीला.

खवचट_खान

सोसायटीच्या मीटिंगमध्ये असा नियम काढणाऱ्या एक बाई आमच्याकडे आहेत. त्यांना ऑलिंपिकला पाठवायला हवं.

सांगलीकर_भडंग

सर्कशीचा उल्लेख आला आणि सांगलीकर गप्प बसेल होय? भारतातली पहिली सर्कस काढली विष्णुपंत छत्र्यांनी, १८८० मध्ये, ते आमच्या अंकलखोपचे. तेलिचेरीकडच्या केरळी कसरतपटूंची जी मोठी परंपरा पुढे झाली, तिचं बीही छत्रे तिकडे गेले त्यातूनच पडलं. लहानपणी आजोबा सांगायचे, आमच्या भागात तालमीतला चपळ पोरगा नापास झाला की लोक म्हणायचे, "जाऊ दे, सर्कशीत जाईल." म्हणजे कसरतवाल्याने तमाशबीन लोकांसमोर उड्या मारून पोट भरणं ही काय अमेरिकेची फॅशन नाही.

अवांतर: कॅनडाची ती सर्क दु सोलेय कंपनी आहे, तिच्यात निवृत्त जिम्नॅस्टच भरलेत. ह्यूस्टनचा राज भावसार, बीजिंग २००८ ला अमेरिकेच्या संघातून कांस्यपदक मिळवणारा, नंतर तिच्याच हॉलिवूडच्या खेळात होता. भावसार म्हणजे आपलाच माणूस!

एलएकर

भडंग, आडनावावरून दावा ठोकू नका, भावसार दोन्हीकडे आहेत, गुजरातेतही आणि आपल्याकडेही. पण पोरगा जिद्दीचा. त्याला मूळ संघात घेतलं नव्हतं, राखीव होता. पॉल हॅमने दुखापतीमुळे माघार घेतली म्हणून ऐनवेळी आत आला, आणि पदक घेऊन परतला.

सांगलीकर_भडंग

बरं, अर्धा आपला.

हाडवैद्य

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं रसभंग करणारं लिहितो.

जिम्नॅस्ट निवृत्त होतो तेव्हा शरीर कोरं नसतं. मनगट, घोटा, कंबर, खांदा यातलं किमान एक काहीतरी बोलत असतं. उडीवरून उतरताना सांध्यांवर वजनाच्या कित्येक पट भार येतो आणि हे लहानपणापासून दिवसाला शेकडो वेळा. दीपा कर्माकरचंच घ्या. रिओ २०१६ ला व्हॉल्टमध्ये चौथी, १५.०६६ गुण, कांस्य ०.१५ ने हुकलं. सगळ्या देशाने ती प्रोदुनोवा उडी पाहिली. नंतर गुडघ्याची शस्त्रक्रिया, दुखापती, पुनरागमन. २०२४ च्या मे महिन्यात ताश्कंदला आशियाई सुवर्ण जिंकलं आणि ऑक्टोबरमध्ये निवृत्ती.

अशा शरीराने मग स्टंट करायचा तर ते सेकंडहँड गाडीने घाट चढण्यासारखं. चढते गाडी, चढत नाही असं नाही. पण ब्रेक आधी तपासा.

निशिगंधा_ठाणे

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. आता घरगुती कारण सांगते.

माझी पुतणी, एकोणीस वर्षांची. आठव्या वर्षापासून जिम्नॅस्टिक्स. राज्य पातळीपर्यंत गेली. दोन वर्षांपूर्वी मनगट दुखावलं, त्यातून पुढची स्पर्धा गेली, मग बारावी, मग सगळं सुटलंच. गेल्या महिन्यात तिला एका वेबसीरिजसाठी नायिकेच्या जागी उड्या मारायला विचारलंय. हार्नेसवरचं, म्हणजे अंगाला पट्टे बांधून दोरीने लटकायचं काम, चार दिवस. पोरगी आनंदाने वेडी. दादा म्हणाले, "एवढी वर्षं पहाटे पाचला उठून तुला सोडायला आलो ते दुसरीच्या नावावर उड्या मारायला?" तिने तीन दिवस घरात कोणाशी बोलणं टाकलं.

रविवारी गेलॉर्डबद्दल वाचलं आणि मला दादांचंच वाक्य आठवलं. म्हणून धागा.

मीठभाकर

ओह. मग हा धागा नुसता गप्पांचा नाही.

दादांचं दुःख समजतं हो. पण ताई, तिचं नाव आज तरी कुठे आहे? गेलॉर्डकडे गमवायला नाव होतं. तिला उलट काम मिळतंय.

पंचवटी

मी दादांच्या बाजूने. पैसे किती, विमा आहे का, हे कोणी विचारलं का? टीव्हीच्या एका सेटवर माझ्या मामेभावाचा खांदा निखळला. दवाखान्याचं बिल कोणी भरलं? मामाने. निर्मात्याच्या माणसाने फोन उचलणं बंद केलं. नाव घेत नाही, अजून पोराला त्याच लोकांत काम करायचंय. 'आवड' वगैरे शब्द कॅमेऱ्यापुढे छान वाटतात.

जुना_फायटर

पंचवटी यांचं बरोबर आहे, आणि म्हणूनच सगळं आधी विचारून घ्यायचं.

निशिगंधाताई, तुमच्या पुतणीने चार प्रश्न विचारावेत. एक, अ‍ॅक्शन मास्टर कोण आहे आणि त्याच्या लोकांकडे फायटरांच्या असोसिएशनचं कार्ड आहे का. दोन, हार्नेसची दोरी कोण ओढणार आहे, आणि त्या माणसाबरोबर आधी तालीम मिळणार का. बाकी सगळं सोडा, पण दोरीवरच्या माणसाची ओळख करून घ्या. हवेत असताना तुमचा जीव मास्टरच्या नाही, त्याच्या हातात असतो. तीन, कपडे काय आहेत. हे बायकांनी विचारायचंच. आम्हा पुरुषांना शर्टाखाली, पँटीखाली पॅड घालता येतात. नायिकेचा बिनबाह्यांचा ड्रेस असेल तर तिच्या डबललाही तोच, पॅड कुठे लपवणार? 'शोले'त टांग्याच्या पाठलागात हेमामालिनीच्या जागी रेश्मा पठाण होत्या. घागरा-चोळीत. त्या काळात हे काम करणारी बाई शोधून सापडत नव्हती. चार, विमा आणि दवाखाना, लेखी.

चारांची उत्तरं नीट आली तर जाऊ द्या. एकाचं जरी "बघू" असं आलं, तर मनगट आहे ते बरं आहे.

चिंगी

काका, यावर अख्खा कोर्स काढा.

दादांना हेही सांगा ताई, की ऑस्करमध्ये आता 'स्टंट डिझाइन'साठी वेगळा पुरस्कार ठेवलाय. १०० व्या ऑस्करपासून, २०२७ मध्ये येणाऱ्या सिनेमांसाठी. मिळायला शंभर वर्षं लागली, पण निदान काम आहे हे मान्य झालं.

खवचट_खान

दादा म्हणतील ऑस्कर नको, डिग्री पूर्ण कर. आणि ते चूक नसतील. (दिवा घ्या, म्हणजे गमतीत घ्या.)

एलएकर

मूळ प्रश्नावर परत येतो, कारण कालपासून डोक्यात फिरतोय.

२००८ चं बीजिंग आठवतंय? उद्घाटनाला ज्योत कोणी पेटवली? लि निंगने. तोच, जो १९८४ ला पॉली पॅव्हेलियनमध्ये गेलॉर्डच्या विरुद्ध खेळला होता. पंचेचाळिशीचा गृहस्थ, एव्हाना त्याची स्वतःची खेळाच्या कपड्यांची मोठी कंपनी. आणि त्याला तारांवर लटकवून अख्ख्या स्टेडियमच्या छताच्या कडेने हवेत पळवलं. तो शुद्ध स्टंटच होता. हार्नेस, तार, खाली अंधार, आणि दोरीवर कोणीतरी अनोळखी माणूस.

साऱ्या जगाने टाळ्या वाजवल्या, कारण खाली नाव लिहिलेलं होतं. गेलॉर्डने तेच केलं तेव्हा मुखवटा होता. म्हणजे आपल्याला खुपतोय तो मुखवटा, काम नाही. आणि मुखवट्याचं त्याला स्वतःला काही वाटलं का, हे आपण कोणी विचारलेलं नाही. आपणच त्याच्या वतीने हळहळतोय. मी पण.

दोरीवाला_दादर

+१०००. दहीहंडीत सगळ्यात खालच्या थरातल्याचं नाव कोण विचारतं.

पंचवटी

खालच्या थरातल्याचा विमाही आता काढतात, दोरीवाला सर.

निशिगंधा_ठाणे

अपडेट देते. जुना_फायटर काकांचे चार प्रश्न छापून पुतणीला दिले. तिने फोन लावला. मास्टरचं आणि दोरीचं उत्तर लगेच आलं, दोन दिवस तालीमही देणार आहेत. कपडे पूर्ण बाह्यांचे. विम्याचं "कागद पाठवतो" म्हणाले, अजून आलेला नाही. दादा म्हणाले, कागद येईपर्यंत मी हो म्हणणार नाही. पण "नाही" हा शब्द त्यांनी या वेळी वापरला नाही, हे वहिनीने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं.

आणि एक. मास्टरने तिला फोनवरच गृहपाठ दिलाय. धक्का लागून मागे पडायचं, पण जिम्नॅस्टसारखं नाही, बाजारात कोणीतरी ढकललं तर बाई पडेल तसं. काल संध्याकाळी हॉलमध्ये सोफा सरकवून दोन गाद्या टाकल्या. पहिल्यांदा पडली, देखणी पडली. दुसऱ्यांदा पण. दादा पेपर वाचत होते. चौथ्या वेळी पेपराआडूनच म्हणाले, "अंगठे."

ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाबा, ते आपोआप होतात!" मग दादा उठले, पेपर ठेवला आणि म्हणाले, थांब, मी ढकलतो.

जुना_फायटर

ढकलणाऱ्याने आधी सांगायचं नाही. सांगितलं की अंगठे ताणतात.

खवचट_खान

खालच्या मजल्यावरच्यांना मात्र आधी सांगा.